दिगूची पत्रं मी अर्धीच वाचली

दिगू काल गेला. आणि खरं सांगतो, मला अजूनही त्याचा हेवा वाटतो.

दिगंबर. शिरड शहापूरचा माझा वर्गमित्र. उपग्रहांशी बोलणाऱ्या अँटेना बनवणारा मोठा इंजिनिअर.
मी हिंगोलीत गणिताचा मास्तर म्हणून रिटायर झालो.

माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आम्ही नववीत होतो. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं सगळं गाव चंद्राबद्दल बोलत होतं.
दिगू म्हणाला, "वसंता, तिकडचा आवाज इकडं कसा काय येऊन राहिला?"
हा प्रश्न मला सुचला नव्हता.
तिथूनच सुरू झालं.

पुढं रशियाची स्कॉलरशिप निघाली. रशिया आपला पक्का दोस्त, असं तेव्हा हॉटेलात चहा पिणारासुद्धा बोलायचा. आम्ही दोघांनी फॉर्म भरला. गणितात माझे मार्क जास्त होते.

मुलाखतीत विचारलं, रशियालाच का जायचंय?
मी म्हणालो, "तिथल्या डिग्रीला किंमत आहे."
दिगू म्हणाला, "अवकाशात गेलेल्या माणसाशी जमिनीवरून बोलतात कसं, ते बघायचंय."

तो मॉस्कोला गेला.

त्याच्या आईला, गयामायला, वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ती माझ्याकडं यायची.

आता जे लिहितोय ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी ती पत्रं पूर्ण वाचायचो नाही.

"मी खुशाल आहे. थंडी फार आहे. तब्येतीला जप." बस्स.
वर्गात पहिला आला, ते गाळलं. प्रोफेसरांनी घरी जेवायला बोलावलं, ते गाळलं.

आपला पहिला उपग्रह रशियातून सुटायचा होता. आपल्याकडून गेलेल्या इंजिनिअरांच्या एका बैठकीत दिगूला दुभाषा म्हणून बसवलं. त्यानं चार पानं लिहिली होती. शेवटी होतं, "माय, आज तू बघायला पायजे होतीस."
तेसुद्धा मी गिळलं.

गयामाय कागद उलटून बघायची.
"दोन्ही अंगानं लिवलंय की रं. अन् तू एका दमात संपवून राहिला?"
"त्याचं अक्षर मोठं आहे, माय."
"व्हय का," म्हणायची आणि कागद घडी करून न्यायची.

शिक्षण संपवून दिगू परत आला. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, घरी ये.
गेलो तर ओसरीवर गयामाय बसलेली, पुढ्यात पत्रांची पिशवी. दिगू एकेक पत्र मोठ्यानं वाचत होता.

"बस वसंता. तूबी ऐक."

दुपारभर वाचलं त्यानं. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.
चार पानांचं पत्र संपलं तशी गयामायनं पदर डोळ्याला लावला. "एवढं मोठं झालं व्हय माझं लेकरू? मला काहून कळलं न्हाई?"



दिगू म्हणाला, "माय, माझं अक्षर लय खराब. वसंताला वाचायला तकलीफ झाली असंल."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मोठ्या मनाच्या बाबतीतही तोच पुढं!

गयामाय गेली तेव्हा तो नोकरीवर होता, दूर केरळात. तिच्या उशाशी मी होतो. पाणी मी पाजलं.
बऱ्याच वर्षांनी एकदा फोनवर धीर करून म्हणालो, "दिगू, त्या पत्रांचं..."
त्यानं पुढं बोलू दिलं नाही.
"तू शेवटी मायजवळ होतास. मला त्याचा हेवा वाटतो, वसंता."

आयुष्यात त्यानं माझा हेवा केला तो एवढाच.
आणि ते ऐकून मला बरं वाटलं. माफी मागायची राहूनच गेली.

दिगू, तू माझ्यापेक्षा हुशार होतास, आणि माणूस म्हणूनही चांगला होतास. हे तू असताना बोलायला पाहिजे होतं.

सुखानं जा, मित्रा. तुला माझा शेवटचा नमस्कार.