कोतवाल बुकात नसलेला माणूस

आता काय सांगू तुम्हाला, येशू ख्रिस्ताला इतिहासातून काढून टाकायला निघालो होतो मी. वय बावीस, खांद्याला झोळी, आणि वाचलेलं एकच पुस्तक. तेही निम्मं.

त्या निम्म्या पुस्तकाच्या जोरावर कॉलेजच्या भित्तीपत्रकात लेख लावला. म्हटलं, येशूबद्दल सगळं लिहिलं गेलं ते वर्षानुवर्षांनी. सांगणाऱ्यांचा एकमेकांशी मेळ नाही. पंचवीस डिसेंबरला तर काहीच आधार नाही. शेवटी लाल शाईत नियम: ‘ज्याच्या जन्माची त्या काळची लेखी नोंद नाही, तो जन्मलाच नाही.’ खाली सही. झोकदार.

आमचे उपप्राचार्य साळवे सर इतिहास शिकवायचे आणि दर रविवारी चर्चमध्ये जायचे. मला वाटलं, चिडतील, मग आपण हुतात्मा होऊ. पण सरांनी चष्मा पुसून सगळा लेख वाचला.

“देव मानणं न मानणं वेगळं,” ते म्हणाले. “पण असा माणूस होऊन गेला, हे न मानणारेही बहुतेक मान्य करतात. नियम फार कडक केलास गा. कोणीतरी सापडेल त्यात.”

“सापडू द्या सर. सत्यापुढे कोणाची गय नाही,” मी म्हणालो. असं खरंच म्हणालो हो मी.

दोन महिन्यांनी समाजकल्याण खात्यात जागा निघाली. खेड्यापाड्यात जाऊन काम करायचं. माझं स्वप्नच ते. पण गावच्या गुरुजींनी मला शाळेत घेताना वय वाढवून एक जून तारीख टाकलेली. आमच्या वर्गातली सगळीच पोरं एक जूनची. त्या हिशोबाने मी नोकरीची वयोमर्यादा ओलांडलेली.

खरी तारीख कोतवाल बुकात असणार, म्हणून एसटीने नरखेडची तहसील कचेरी गाठली. गावातल्या प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद त्या बुकात. सगळी पानं पाहिली. शेजारचा पांडू सापडला. मी नाही.

कचेरीतला कारकून म्हणाला, “मग घरच्या मोठ्यांचं सांगणं तुमच्या कॉलेजच्या उपप्राचार्यांपुढे लिहून आणा. त्यांचा सही-शिक्का पाहिजे.”

शिक्का कोणाच्या टेबलावर होता, ते ओळखलंच तुम्ही.

आई, काका आणि आत्याला घेऊन सरांपुढे उभा राहिलो. सरांनी कागद ओढला. “बोला, हा केव्हा झाला?”

“कपाशीची दुसरी वेचणी चालू होती,” आई म्हणाली. “थंडी मोठी होती.”

“थंडी कुठची वहिनी?” काका म्हणाले. “विहिरीवर पंप बसवून राहिलो होतो मी. ऊन असं का डोकं फुटावं.”

“काहून खोटं बोलतं गा?” आत्या काकांवर घसरली. “धो धो पाऊस होता. सुईणीले आणाले मीच गेली होती, घोंगडी घेऊन.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. खणातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझाच लेख, माझीच लाल शाई.

“शेवटची ओळ वाच. मोठ्यानं.”

वाचली.

“बुकात नोंद नाही. साक्षी तीन, ऋतू तीन. सांगताहेत बावीस वर्षांनी. तुझ्या नियमाने मी कोणासाठी सही करू?”

जो जन्मलाच नाही त्याने बोलावं तरी कसं?

आईला वाटलं, सर आता नाही म्हणतात. ती पुढे झाली. “सर, तारीख तुम्हाले पटन ते लिवा. पण हा झाला, हे खरं आहे. कळा मले आल्या होत्या, बुकाले नाही.”

सर हसले नाहीत. आईला खुर्ची दिली, टोपण काढलं. “आईची साक्ष धरू. दुसरी वेचणी म्हणजे डिसेंबर. दिवस आठवतो का, बाई?”

“दिवस कोनाले आठवते सर?”

“मग मी टाकतो,” म्हणत सरांनी लिहिलं आणि शिक्का मारला.

नोकरी लागली. भित्तीपत्रकावर लेखामागे उरलेला डिंक मी स्वतः खरवडून काढला. पण सरकारी कागदावर माझा जन्म पंचवीस डिसेंबरचा आहे. ज्याला मी पुसायला निघालो होतो, त्याच्या कृपेने दरवर्षी वाढदिवसाला मी भरपगारी सुट्टीवर असतो.