सासऱ्यांचा लाल ठिपका

माझे सासरे कुणावरही विश्वास ठेवत नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानात शिरायचं, तराजू उचलून बघायचा, वजन उलटं करून तळ कुणी कोरलाय का ते पाहायचं. माप खरं असेल तर शिक्का, खोटं असेल तर जप्ती. समोर दुकानदार रडला तरी त्यांनी कधी सोडलं नाही, असं ते अजूनही जेवताना सांगतात, आणि आम्ही ताटाकडे बघत ऐकतो. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात. बाजारातून आणलेली भाजी आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढते आणि मग टोपलीत जाते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, हे एक दिवस मलाही त्या काट्यावर ठेवतील.

मग घरात गाडी आली आणि त्यांना नवं कार्यक्षेत्र मिळालं.

गाडीची वॉरंटी संपली की शहाणी माणसं कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे वळतात. सासरे कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला चिकटून राहिले. कारण विचारलं तर म्हणायचे, तिथे पार्ट अस्सल मिळतो आणि पक्कं बिल मिळतं. माझ्या मते खरं कारण वेगळं होतं. गॅरेजवाल्याशी भांडलं तर तो सरळ म्हणतो, नका येऊ. सेंटरमधल्या माणसाला मात्र छातीवर नावाची पट्टी लावून ऐकून घ्यावं लागतं.

त्यांची पद्धत ठरलेली. सर्व्हिसच्या आदल्या दिवशी गाडी स्वतः धुवायची, म्हणजे धुलाईचे पैसे लावता येत नाहीत. काउंटरवर कामांची यादी वाचली जाऊ लागली की प्रत्येक कामाला एकच प्रश्न, "हे नाही केलं तर काय होईल?" एसीचं जंतुनाशन, इंजिनला चकाकी, डॅशबोर्डला पॉलिश, ही सगळी कामं त्या एका प्रश्नाने गळून पडायची. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांच्या बाबतीत मात्र ते हूं की चूं करत नसत. जे थांबवतं, वळवतं आणि पेलतं त्यावर कंजुषी नाही. जे चमकतं आणि घमघमतं त्याला छदामही नाही, हा त्यांचा कायदा. खोटं कशाला बोलू, त्या कायद्याने आमचे बरेच पैसे वाचले.

शेवटची अट अशी की बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मिळाला पाहिजे. आता जुना पार्ट परत मिळाला म्हणजे तो आपलाच, हे कशावरून? दुसऱ्याच्या गाडीचा जुना फिल्टर आपल्या हातात ठेवून आपला तसाच ठेवला तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण पोलिसाच्या मनात त्याहून जास्त असतं. म्हणून गाडी द्यायच्या आधी ते बदलायच्या पार्टवर एक लाल ठिपका द्यायचे. परत आलेल्या पार्टवर ठिपका दिसला की माल खरा. हा ठिपका माझ्या नेलपॉलिशचा असायचा. पहिल्यांदा त्यांच्या हातात ती बाटली बघून मी चाटच पडले होते. ते शांतपणे म्हणाले, शिक्का मारतोय. तेव्हापासून माझ्या कपाटातल्या खणावर माझ्याइतकाच त्यांचाही हक्क झाला.

सेंटरमध्ये त्यांची गाठ असायची ती टायवाल्याशी. टायवाला म्हणजे तिथला सल्लागार, गाडी ताब्यात घेऊन काय करायला हवं ते सांगणारा. कंपनीने सगळ्यांना टाय सक्तीचा केलाय, पण बॉनेटखाली वाकलं की टाय इंजिनमध्ये जातो, म्हणून हा गृहस्थ तो कायम खांद्यावर टाकून फिरायचा. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "आज काय काय खपवायचंय?" असं म्हणत सासरे आत शिरायचे आणि टायवाला हसून खुर्ची पुढे करायचा. पण तो रजेवर असला की सासरे गाडी तशीच परत घेऊन यायचे. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे नाहीत.

या सगळ्याला एक बाजू अजून होती. मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याचा पडदाच झिजत चाललाय, चष्मा बदलून उपयोग नाही, हळूहळू गाडी चालवणं सोडा. सासऱ्यांनी त्यातला 'हळूहळू' तेवढा ऐकला. नवऱ्याने विषय काढला की घरात खडाजंगी व्हायची. शेवटी एकदा ते म्हणाले, "माझी एक चूक दाखव. ज्या दिवशी दाखवशील त्या दिवशी किल्ली टेबलावर." चूक कुणालाच दाखवता येईना, कारण चुका शोधायचं खातं त्यांच्याकडेच होतं. मीही गप्प बसले. आमच्या पोरीला पोहायच्या क्लासला तेच सोडत होते, आणि ती सोय मला हवी होती.

मग गाडी गतिरोधकावर पुढून धाडधाड वाजू लागली. टायवाल्याने तपासून सांगितलं की पुढचे दोन्ही शॉकअॅब्सॉर्बर गळताहेत, बदलावे लागतील. खर्च चांगलाच होता. सासऱ्यांनी लगेच होकार दिला नाही. गाडी घरी आणली, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवली, तोही तेच म्हणाला. पेलणारं काम, तेव्हा करणं भाग. संध्याकाळी ते पार्किंगमध्ये फतकल मारून बसले, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागे हात घातला आणि दोन्ही बाजूंना ठिपके दिले. वर आले ते कोपरापर्यंत काळे होऊन, पण चेहरा खूश.

गाडी परत घ्यायला मीही गेले होते. डिकीत जुने शॉकअॅब्सॉर्बर गोणपाटात गुंडाळून ठेवलेले. सासऱ्यांनी तिथेच उघडले, फिरवून फिरवून बघितले, आणि एक उचलून थेट ग्राहकांच्या हॉलमध्ये नेला. काचेच्या टेबलावर मासिकं होती, त्यांच्यावर तो तेलकट लोखंडी दांडा आडवा ठेवला. माझा ठिपका कुठाय, एवढंच विचारलं, पण असं की सगळा हॉल वळून बघू लागला.

टायवाला आला, टाय खांद्यावर टाकला, वाकून दांडा फिरवला आणि एका जागी बोट ठेवलं. "हा काय काका, इथे आहे की."

"तो डाग आहे. माझा ठिपका लाल असतो."

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, म्हणून मी पाण्याच्या मशीनकडे बघत उभी राहिले. तेव्हा वळून नीट बघितलं असतं तर पुढचं टळलं असतं. मॅनेजर आला. नवा होता, त्याला कडक दिसायचं होतं. त्यानेही वाकून बघितलं आणि त्यालाही डागच दिसला. त्याने गाडीत बसवलेले नवे पार्ट दाखवायची तयारी दाखवली. सासरे म्हणाले, जुन्याला काळा रंग फासला की तोही नवाच दिसतो, वजनांच्या बाबतीत असले प्रकार मी खूप पाहिलेत. तेवढ्यात सोफ्यावरच्या एका गृहस्थाला आपलंही बिल मागे फुगवलेलं होतं हे आठवलं, दुसऱ्याने मोबाइल वर धरला. मॅनेजरने टायवाल्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आणि ओळखपट्टी मागितली. टायवाल्याने ती दिली, आणि कुणी मागितला नसताना टायही काढून दिला.

घरी येताना गाडी गतिरोधकांवरून लोण्यासारखी गेली. एकदाही वाजली नाही. ते आम्हा दोघांनाही कळलं, तरी सासऱ्यांनी गाडी घराकडेच नेली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. सोमवारी मुख्य ऑफिसातून साहेब येणार आहेत, तुम्ही तुमच्या म्हणण्यावर ठाम असाल तर त्या माणसाला काढून टाकतील. सासरे म्हणाले, येतो. दुपारभर ते जुन्या रुबाबात घरात फिरले. मुद्देमाल गॅलरीत गोणपाटात होताच. नमुना म्हणून बाटलीही न्यावी, असं त्यांना वाटलं, म्हणून माझ्या खणातून ती काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "हीच ती लाल. नीट कागदात गुंडाळून दे."

मी बाटली हातात घेतली आणि फिरवून बघितली. बाटली वांगी रंगाची होती. भाचीच्या लग्नासाठी घेतलेली, मग काळपट दिसते म्हणून कधीच न लावलेली. लाल बाटली तर केव्हाच संपून कचऱ्यात गेली होती.

मी गॅलरीत गेले. कापसावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं आणि टायवाल्याने बोट ठेवलं होतं तिथे घासलं. कापूस वांगी रंगाचा झाला. दुसऱ्या दांड्यावरचा डागही पुसला, तोही वांगी. मागे सासरे येऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातला कापूस घेतला, उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

"कोणता रंग आहे हा?"

"वांगी," मी म्हटलं. "लाल बाटली संपली, बाबा. मीच टाकून दिली."

मला त्यांची कीव आली हे खरं, पण त्याआधी संताप आला. या माणसाच्या गाडीत माझी पोर आठवडाभर बसते, आणि याला लाल कळत नाही. त्या माणसाची भाकरी जायची वेळ आली, तीही यांच्यामुळे. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, हे कुणाला माहीत आहे का. नवरा बाहेरगावी होता. म्हटलं, अजून नाही. मग त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. ते हिशेब करत होते. हे दोघांत राहिलं तर किल्ली राहते. राहिलं नाही तर एक चूक दाखवली गेली, आणि शब्द त्यांचाच होता.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "सांगायचं तर तुम्हीच सांगा."

त्यांनी कापूस मुठीत मिटला. रात्रीचं जेवण झालं, त्यात दुकानदाराची गोष्ट नव्हती. ते सांगतील की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी निघताना मी चालवते म्हटलं, पण ते चालकाच्या जागी बसले होते. शेजारी बसून मी सगळा वेळ हँडब्रेकवर हात ठेवून होते. मोठ्या चौकात सिग्नलला ते पुढच्या गाडीमागे थांबले आणि समोर बघतच म्हणाले, "आता कोणता लागलाय?"

"लाल."

"मला वरचा पेटलाय एवढं कळतं," ते म्हणाले. पुढची गाडी हलली तशी आमचीही हलली.

हॉलमध्ये मुख्य ऑफिसातले साहेब होते, मॅनेजर होता आणि ग्राहकांच्या सोफ्याच्या टोकाला टायवाला बसला होता, टायशिवाय. गळा उघडा असल्यामुळे तो मला एकदम वयस्क वाटला. सासऱ्यांनी पुन्हा तो दांडा टेबलावर ठेवला. साहेबांनी बोलायला सुरुवात केली होती, सासरे त्यांना हाताने थांबवून म्हणाले की ठिपका माझाच होता, पार्ट माझाच होता, काम चोख झालं होतं. रंग मला दिसला नाही.

 मॅनेजर घाईघाईने म्हणाला, गैरसमज होतात साहेब, वयोमानाने व्हायचंच, आपण चहा घेऊ या. प्रकरण तिथेच मिटत होतं. सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली. तिच्या साखळीला जुन्या नोकरीतलं एक लहानसं पितळी वजन होतं. ती त्यांनी टायवाल्यासमोर ठेवली.

"राहू द्या काका," टायवाला म्हणाला. "झालं ते झालं."

"खोटं माप सापडलं की सोडायचं नसतं," सासरे म्हणाले. "मी कुणालाच सोडलं नाही."

टायवाल्याने किल्ली उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि माझ्याकडे दिली. निघताना सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जिथे टाय असायचा तिथे.

बाहेर आलो. सासरे सवयीने चालकाच्या दाराशी जाऊन उभे राहिले, हात दाराच्या मुठीवर. मी किल्ली घेऊन मागे थांबले. मग त्यांनी हात काढला, बॉनेटला धरत धरत गाडीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.