क्रुसावरचं नाव

आमच्या गावात रंगाचा डबा आणि ब्रश माझ्याकडेच. दुकानाची पाटी असो, होडी असो की मेलेल्याचा क्रूस, नाव घालायचं म्हटलं की नोलास्कोला हाक. अक्षर माझं चांगलं आहे. त्याची घमेंडही होती. त्या घमेंडीनं फिलोमेनाच्या पोराचं वाटोळं केलं, म्हणून आज कबूल करायला बसलोय.

फिलोमेनाला दोन मुलगे. थोरला ओनेसिमो, त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा राफेलिन. राफेलिन नवव्या वर्षी तापानं गेला. ऊसतोडणीचे दिवस, सान पेद्रो शहरातल्या कचेरीत जाऊन मृत्यूची नोंद करायला कोण जातंय? पोराला पुरलं, मी क्रुसावर नाव लिहिलं आणि सगळे कामाला लागले. सरकारदरबारी राफेलिन जिवंतच राहिला.

ओनेसिमो विसाव्या वर्षीही दिवसा ऊस तोडायचा आणि संध्याकाळी बेसबॉल खेळायचा. त्याचा चेंडू झेलणाऱ्याचा तळवा सुजायचा. खेळाडू शोधत फिरणारा एक दलाल त्याला बघून खूश झाला, पण वय ऐकताच त्याचं तोंड उतरलं.

"विशीच्या घोड्याला अमेरिकावाले हात लावत नाहीत, बाई. त्यांना सोळाचा हवा."

"मग काय परत पोटात घालू त्याला?" फिलोमेना म्हणाली.

"धाकट्याचा जन्मदाखला आहे ना घरात?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "क्रुसावरचं नाव पुसून टाक. जिवंत पोरासाठी मेलेल्याकडून उसनं घेतेय. परत देईन मी त्याला."

मी क्रुसावर पांढऱ्या रंगाचा हात मारला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. चोरी वाटलीच नाही हो ती. घरातलीच वस्तू, थोरल्यानं धाकट्याचा सदरा घालावा तशी.

तो सदरा त्यानं अकरा वर्षं घातला. आधी लहान संघांत घासला, मग अमेरिकेतल्या मोठ्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, झाला. तो टीव्हीवर दिसला की दुकानासमोर डॉमिनोचे डाव मोडायचे. "राफेलिन! राफेलिन!" करून म्हातारेसुद्धा घसा फोडायचे. आईला त्यानं पक्कं घर बांधून दिलं, मैदानाला दिवे लावले. मैदानाच्या भिंतीवर मी त्याचं चित्र काढलं, चेहरा ओनेसिमोचा, खाली हातभर अक्षरांत नाव राफेलिनचं.

फिलोमेना मात्र त्याला कोणत्याच नावानं हाक मारायची नाही. खरं तोंडातून निघालं तर घात आणि खोटं जिभेवर येईना. म्हणून नुसतं "पोरा, जेवायला ये." आणि तो स्मशानाच्या वाटेला कधी गेला नाही. स्वतःच्याच मातीला फुलं कोण घालणार?

अकराव्या वर्षी, नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाला सगळे थडग्यांवर जातात त्याआधी, मी क्रूस रंगवत होतो. फिलोमेना येऊन बाजूला उभी राहिली. डोळे सुजलेले.

"स्वप्नात आला होता. म्हणाला, आई, इथं सगळ्यांची नावं वाचतात, माझ्यापाशी कुणी थांबत नाही."

"अगं, अजून दोन-तीन वर्षं खेळेल थोरला. थांब की."

"तू थांब. तुझं पोर नाही ते. नुसतं नाव लिही, नोलास्को. बाकी काही नको."

नुसतं नाव! पण नाव लिहिलं की खाली जागा भुंडी दिसायला लागली. मी जन्माचं वर्ष टाकलं. मृत्यूचं वर्ष टाकलं. कोपऱ्यात माझी सहीसुद्धा केली. मूर्ख माणूस!

आठवड्यानं मोटारसायकलवरून एक परका माणूस आला. क्रुसांचे फोटो काढत होता. "वा, उस्ताद! काय अक्षर आहे! कुणाचं हे?"

"माझं," मी छाती काढून म्हणालो. "आणि तारखा चुकत नाही बरं का मी. या पोराला मीच खड्ड्यात उतरवलंय."

जानेवारीत ओनेसिमो नव्या हंगामाच्या व्हिसासाठी राजधानीत गेला. अमेरिकेच्या वकिलातीच्या दारातच पोलिसांनी त्याला धरलं. खोटी ओळख, खोटी कागदपत्रं, आणि पुरावा म्हणून माझ्या क्रुसाचा फोटो. न्यायाधीशांनी तुरुंगवास टाळला, पण संघानं करार मोडला आणि अमेरिकेचं दार कायमचं बंद झालं. कागदावर सत्तावीस, अंगानं एकतीस आणि हाताला काम नाही.

तो परतला तेव्हा मी समोर जाऊन म्हणालो, "मार मला."

"तुम्ही खरं तेच लिहिलंत, नोलास्को काका," तो म्हणाला. "ब्रश द्या एक."

त्यानं एक शिवी दिली असती तर मला झोप तरी लागली असती.

मैदानाच्या भिंतीवरचं नाव आम्ही दोघांनी मिळून पुसलं. मी शिडीवर, तो खाली. 'ओनेसिमो' लिहायला मी पहिलं अक्षर आखलं, तेवढ्यात रस्त्यापलीकडून फिलोमेनानं हाक मारली. लपवून काही ठेवायचं उरलंच नव्हतं, म्हणून भर दुपारी, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"ओनेसिमो! भात निवतोय रे!"

तो खाली रंग ढवळत राहिला.

"ओनेसिमो!"

मान वर नाही. फिलोमेना दारात तशीच उभी. मलाच राहवेना.

"अरे, हाक मारतेय ना ती!"

त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. "कुणाला?"