दाजी पडले त्याची गोष्ट

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, घरात ‘पंपवाले’ म्हणून ओळखले जायचे. ताई परदेशात नर्सच्या नोकरीवर गेली आणि तिच्या पाठोपाठ दाजी गेले. तिथल्या एका लहानशा विमानतळावर, जिथे शिकाऊ लोकांची दोन-चार आसनांची विमानं उडतात, त्यांना इंधन भरायचं काम मिळालं. माणूस भलताच नेमका. पंखाला शिडी लावायची, झाकण उघडायचं, इंधन भरायचं, झाकण घट्ट बसलंय का ते दोनदा बघायचं, आणि खाली उतरल्यावर पुन्हा शिडी चढून तिसऱ्यांदा बघायचं. ताई म्हणायची, यांच्याबरोबर घराबाहेर पडायचं तर अर्धा तास कुलपालाच द्यावा लागतो.

विमान उडवायचं वेड त्यांना लहानपणापासूनचं. हे मला ताईकडून कळलं, कारण दाजींच्या तोंडून स्वतःबद्दल चार शब्द काढायचे म्हणजे आपल्याच तोंडाला फेस येतो. तिथे उड्डाण शिकवणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना कॅप्टनबाई म्हणत. त्या दाजींच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या, की इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तुम्ही विमान ओळखता, मग शिकत का नाही? दाजींचं उत्तर ठरलेलं, पुढच्या वर्षी बघू. अशी आठ वर्षं गेली. वर बघून बघून मान आखडेल तुमची, असं मीही त्यांना फोनवर चिडवायचे.

शेवटी छत्तिसाव्या वर्षी दाजींनी अर्ज केला. परक्या देशाच्या नागरिकाला तिथे पोटापाण्यासाठी विमान उडवायचं असेल, तर सुरुवात विमानापासून होतच नाही. पोलिसांचा दाखला, बोटांचे ठसे, भाषेची परीक्षा, मग सुरक्षेची चौकशी. सात महिने त्यातच गेले. त्यानंतर शिकायची परवानगी आली, तिला मुदत सहा महिन्यांची. तेवढ्यात डॉक्टरी तपासणीत पास व्हायचं, नाहीतर परवानगी बाद. आणि एकदा बाद झाली की परक्या माणसाला ती पुन्हा मिळणं जवळजवळ अशक्य.

आता माझा पराक्रम.

दाजी त्यांच्या लग्नात चक्कर येऊन पडले होते. ऐन उन्हाळा, अंगात जाड कोट, डोळ्यांवर व्हिडिओवाल्याचे दिवे, सकाळपासून पोटात काही नाही आणि फोटोसाठी तीन तास उभे. मी शेजारीच होते. ताई कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. तिला कळायच्या आत दाजी मागच्या सोफ्यावर कोसळले, डोळे उघडले, पाणी मागितलं, प्यायले आणि परत फोटोला उभे राहिले. व्हिडिओवाल्यानं तेवढा भाग कापून टाकला. झालं ते एवढंच.

पण एवढ्यावर कोण हसणार? मला माणसं हसवायची खोड आहे. पहिल्या वर्षी मी दाजींचे हात थरथरवले. सगळे हसले. दुसऱ्या वर्षी पाय झाडायला लावले. मग डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली, मामांनी चमच्यानं तोंड उघडलं. दरवर्षी थोडं तिखटमीठ वाढत गेलं आणि सहा सेकंदांची पाच मिनिटं कधी झाली ते माझं मलाही कळलं नाही. घरात चार माणसं जमली की फर्माईश व्हायची आणि मी उठून सगळं करून दाखवायचे. दाजी सुट्टीवर आलेले असले तर तेही पोट धरून हसायचे.

तपासणीच्या अर्जात एक प्रश्न होता: आजवर कधी शुद्ध हरपली होती का? दुसरा कुणी ‘नाही’ लिहून मोकळा झाला असता. कोण बघायला जातंय? दाजींनी ‘हो’ लिहिलं. खाली तपशील द्यायचा होता. आता बेशुद्ध पडलेल्या माणसाला स्वतःचं काय ठाऊक असणार? त्यांनी माझी गोष्ट लिहिली. पाच मिनिटं, हातपाय झाडले, डोळे पांढरे, दातखीळ. मामांच्या चमच्यासकट.

डॉक्टरांनी ते वाचून पेन खाली ठेवलं. ही तर फिट म्हणाले, आणि फिट येणाऱ्याला विमान नाही. डोक्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्या स्वच्छ निघाल्या, तरी डॉक्टर हटेनात. तेव्हा तिथे हजर असलेल्या कुणाचा तरी शिक्क्यानिशी लेखी जबाब आणा, म्हणाले. दाजींनी मला फोन केला. तूच लिहून दे, तुझ्याइतकं कुणाच्याच लक्षात नाही, असं म्हणून त्यांनी अर्जातला तपशील मला वाचून दाखवला.

खरं सांगते, मला आधी त्यांचाच राग आला. एवढा शहाणा माणूस, मेहुणीची थट्टा सरकारी कागदावर उतरवतो? मग हळूहळू पायाखालची जमीन सरकायला लागली.

“दाजी, तसं काही झालं नव्हतं,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“हात हलले नव्हते. पाय पण नाही. ते सगळं मी लावून सांगायचे.”

पलीकडे अर्जाचा कागद पुन्हा उलटल्याचा आवाज आला.

“मग किती वेळ पडलो होतो?”

“सहा सेकंद. फार तर सात.”

“नक्की?”

“नक्की. मी शेजारीच होते.”

“बरं,” ते म्हणाले. “तेवढं लिहून दे.” आणि त्यांनी फोन ताईकडे दिला. ताईनं माझी सालटी काढली, ती इथे लिहीत नाही.

जबाब घेऊन मी नोटरीकडे गेले. त्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, की म्हणजे बाई, अकरा वर्षं तुम्ही खोटं सांगत होतात? हो म्हटलं. मग तसंच स्पष्ट लिहा, म्हणाला. लिहिलं. सही करताना मान वर करायची सोय नव्हती.

डॉक्टरांना अर्थात संशय आला. काम अडल्यावर घरच्यांनी जबाब फिरवला, असं कुणालाही वाटेल. परवानगीचे नऊ दिवस उरले होते. त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर घेतलं, मध्ये बोलणं समजावून सांगायला ताई. त्यांनी दोन तास उलटसुलट विचारलं आणि मग म्हणाले, तुम्ही घरात काय करून दाखवायचात ते दाखवा. स्क्रीनच्या कोपऱ्यात खाली मान घालून बसलेल्या दाजींसमोर मी सोफ्यावर पडून हातपाय झाडले. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. कुणी हसलं नाही. डॉक्टर शांतपणे बघत राहिले आणि म्हणाले, की अशी फिट जगात कुणालाच येत नाही. फिट आलेला माणूस मध्येच डोळा उघडून कोण बघतंय ते बघत नाही.

चार दिवस राहिले असताना दाजींच्या हातात दाखला पडला.

पुढची तीन वर्षं सोपी नव्हती. दिवसा इंधन भरायचं, सुट्टीत उडायचं. प्रत्येक परीक्षेनंतर परक्या नागरिकासाठी वेगळा अर्ज, वेगळा शिक्का. आता दाजी बेटांवर टपाल आणि औषधं पोचवणारं छोटं विमान चालवतात. मागच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते गणवेशात दारात उभे होते. मला इतका आनंद झाला, की रडूच आलं.

जेवणं झाल्यावर दाजी भांडी घासत होते आणि मी पुसत होते. चार वर्षं मनात राहिलेलं मी बोलून टाकलं.

“दाजी, मला रागवा तरी एकदा.”

“राग नाही गं.” त्यांनी ताटली माझ्या हातात दिली. “तू सांगायचीस तेव्हा मी हसायचो, पण ऐकायचो नीट. पुढच्या वेळी काय काय होणार ते कळायला हवं ना. गाडीत तुझी भाची असली की मी चालवायचो नाही. तिला उभ्यानं कधी घेतलंच नाही, कायम खाली बसून. पडलो तर तिला लागू नये म्हणून.”

मी ताटली पुसतच राहिले.

“दाखला आला त्या संध्याकाळी पहिल्यांदा उचलली,” दाजी म्हणाले. “आठ वर्षांची होती. पेलेना गं मला.”