नऊ नंबरची बाज

आमच्या जिल्ह्यात 'चेअरमन' या शब्दाला वजन आहे. साखर कारखान्याचा चेअरमन, दूध संघाचा चेअरमन, पतसंस्थेचा चेअरमन. कुणी गाडीतून उतरला की माणसं आधी उभी राहतात आणि मग कोण आलंय ते बघतात. त्यामुळे सावेडीतल्या आमच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीलाही चेअरमन आहे म्हटल्यावर माझे सासरे पहिल्याच दिवशी जिन्यात टोपी सारखी करून भिंतीला लागून उभे राहिले. चेअरमन दुधाची पिशवी घेऊन वर चालले होते. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासूबाई गेल्यावर ते पाथर्डीकडच्या गावी एकटेच राहत होते. कितीदा बोलावलं तरी यायला तयार नव्हते. मग एकदा न्हाणीत घसरून पडले. सकाळी पडले आणि शेजारच्यांना कळलं दुपारी. त्यानंतर मात्र माझ्या नवऱ्याने काही ऐकून घेतलं नाही, टेम्पो करूनच गेला आणि घेऊन आला.

येताना मामांनी दोनच गोष्टी आणल्या. एक कापडी पिशवी आणि एक बाज. बाज लोखंडी पायपाची, प्लॅस्टिकच्या पट्टीने त्यांनी स्वतः विणलेली. पिशवीत दोन धोतरं, दोन सदरे आणि टॉवेलात गुंडाळलेला सासूबाईंचा फोटो. मी म्हटलं, "हॉलमध्ये लावू या की फोटो. खिळा ठोकते." तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पिशवीत बरा हाय." कपाटातला एक खण मी त्यांच्यासाठी रिकामा केला होता, तो रिकामाच राहिला. पिशवी दाराच्या मुठीला अडकवलेली असायची. दार उघडलं की ती आपटायची, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, हा माणूस निघायच्या तयारीत आहे.

ते स्पष्ट बोललेही होते. "घर लई चांगलं हाय. पन अंगन न्हाई. जमलं तं ऱ्हातो, न्हाई जमलं तं मला गाडीत बसवून द्या." गावी परत जाणं म्हणजे ती न्हाणी आणि ती दुपार. हे मलाही कळत होतं, नवऱ्यालाही आणि मामांनाही.

अंगण आम्ही आणणार कुठून? गॅलरीत वॉशिंग मशीन, वर कपड्यांच्या दोऱ्या आणि समोर ग्रील. नवरा सुप्याला कंपनीत, त्याच्या शिफ्टी. मी शाळेत. दिवसभर मामा तिसऱ्या मजल्यावर एकटे, आणि टीव्हीचा रिमोट त्यांनी कधी हातात धरला नाही. आठवड्यात त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

मग मला नऊ नंबर आठवला. खाली खांबांमधल्या पार्किंगमध्ये पिवळ्या रंगात नऊ लिहिलेली आमची जागा. आमच्याकडे कार नाही. माझी स्कूटी भिंतीकडेला मावते. बाकी जागा मोकळीच. गेटाजवळ, सावलीची, वारा येणारी. एका रविवारी आम्ही बाज खाली नेली. मामा सकाळी सावकाश जिना उतरायचे, संध्याकाळी सावकाश चढायचे, आणि मधला सगळा वेळ नऊ नंबरवर.

त्या बाजेनं जादू केली म्हणा ना. भाजीवाली गाडा लावून त्यांच्याशी बोलायची. पहिल्या मजल्यावरच्या आजी जपाची माळ घेऊन पायरीवर बसायला लागल्या. मी शाळेतून आले की मामा बिल्डिंगचा वृत्तांत सांगायचे. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा नळ गळतो, कुणाची सून माहेरी गेली. चौदा वर्षं राहून मला जेवढं माहीत नव्हतं तेवढं त्यांना पंधरवड्यात कळलं. भाकरीही दोन जायला लागल्या.

आणि मग एका संध्याकाळी चेअरमन घरी आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. चहा नको म्हणाले आणि थेट विषयाला आले. "मॅडम, पार्किंगमध्ये बाज ठेवता येणार नाही."

"का? जागा आमची आहे. बिल्डरला वेगळे पैसे मोजलेत."

"मान्य. पण पार्किंग वाहनासाठी असतं. आज तुमची बाज आहे, उद्या कुणी जुना कूलर आणेल, परवा कुणी फ्रीज. ते भंगार काढायला मला दोन वर्षं लागली होती, तुम्हाला आठवत असेल."

आठवत होतं. मोडक्या सायकली, टाक्या, कुणाच्या तरी लग्नातले मांडवाचे बांबू असं सगळं त्यांनी एकट्यानं भांडून काढून टाकलं होतं, आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुकही केलं होतं. पण रागात असताना माणसाला एवढं आठवून चालत नाही. मी म्हटलं, "मामांना भंगार म्हणताय का तुम्ही?" ते तसं म्हणाले नव्हते. त्यांचा चेहरा पडला आणि ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: पार्किंगमध्ये वाहनाव्यतिरिक्त कोणतीही वस्तू ठेवू नये. नाव कुणाचंच नव्हतं. पण आख्ख्या पार्किंगमध्ये वाहनाव्यतिरिक्त वस्तू एकच होती.

मी माझ्या मामेभावाला फोन लावला. तो वकील आहे. मला वाटलं, तो एक नोटीस ठोकेल आणि चेअरमन गप्प बसतील. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, खांबांखालची जागा तुझी नाहीच. बिल्डरला ती विकताच येत नव्हती. ती सगळ्या सोसायटीची. सोसायटी तुला गाडी लावायला देते, एवढंच."

"म्हणजे आमचे पैसे?"

"पाण्यात."

आपण ज्याच्या जोरावर दंड थोपटतो ते आपलं नाहीच असं कळलं की फार राग येतो, आणि तो कुणावर काढायचा तेच समजत नाही. बिल्डर तर कधीच पुण्याला निघून गेला होता. राहिले चेअरमन.

माझा नवरा तसा शांत आहे.  सुट्टीच्या दिवशी बाज उचलून कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेला आणि दोन तासांनी ढकलत आणली. चारी पायांना ट्रॉलीची चाकं. नऊ नंबरवर नीट सरळ रेषेत लावली, पुढच्या दोन चाकांना विटा लावल्या आणि मला म्हणाला, "झालं. वाहन."

मी पोट धरून हसले. मामा हसले नाहीत. बाजेभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बाजंला चाकं लावली म्हंजी ती गाडी झाली व्हय रं? उद्या मला बैल म्हनशील."

पण मी काही मागे हटणार नव्हते. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा होती. सभा म्हणजे पार्किंगमध्येच, घरोघरच्या खुर्च्या आणून. मामा त्यांच्या बाजेवर बसलेले. विषय क्रमांक चार निघाला तसा माझा नवरा म्हणाला, "ती आता वाहन आहे. चाकं आहेत." लोक हसले. चेअरमन मात्र गंभीरपणे म्हणाले, "पासिंग झालंय का? इन्शुरन्स आहे?" लोक आणखी हसले, आणि मी उठले. माझा आवाज मोठा आहे. चौथीच्या वर्गाला त्याचा उपयोग होतो, सभेला होत नाही. तरीही मी बोलले. म्हातारी माणसं या बिल्डिंगीत नको असतील तर तसं फळ्यावर लिहा म्हटलं. गाड्यांना सावली हवी आणि माणसांना नको का म्हटलं. पायरीवरच्या आजी मान डोलावत होत्या. मला वाटलं, जिंकतेय.

तेवढ्यात मामा बाजेवरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"सूनबाई, बसा तुमी," म्हणाले. "सायेब बरोबर बोलत्यात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"आमी कोपरगावाकडं ऊसतोडीला जायचो. लई वर्सं गेलो. दुसऱ्याच्या रानात ऱ्हायाला पाचटाची कोपी घालायची. रानवाला बसू देतो, चूल मांडू देतो. पन कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला का कोपी मोडायची, चुलीची दगडं बी उचलायची, आन् मग गाडी जुपायची. दुसऱ्याच्या रानात खुटा ठिवून जायचं न्हाई. ठिवला तं फुडच्या साली कोन बसू देईल? ही जागा समद्यांची हाय म्हनत्यात. मंग मी हितं खुटा ठोकला, त्ये चुकलंच की."

 चेअरमननी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग म्हणाले, "बसायला कुणाचीच हरकत नाही आजोबा. दिवसभर बसा. वस्तू कायमची ठेवायला हरकत आहे." आणि तसाच ठराव झाला. बसण्यासाठी काही आणलं तर संध्याकाळी ज्यानं त्यानं आपल्या घरी न्यावं, रात्री खाली काही राहू नये. सगळ्यांनी हात वर केले. मामांनीही केला. ते सभासद नाहीत, त्यांना मताचा हक्क नाही हे त्यांना सांगायला कुणी धजावलं नाही.

घरी आल्यावर मी भांडी जोरजोरात घासत होते. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "पुढच्या आयतवारी मला पाथर्डीच्या गाडीत बसवून द्या," म्हणाले. "रोज बाज तीन मजलं कोन चढवील? तुमी शाळंतून दमून येता. त्यो शिफ्टीला. मला जिमिनीवर बसवत न्हाई, बसलं तं उठवत न्हाई. जमंना. राग न्हाई माजा."

मला खूप वाईट वाटलं. तिसरा मजला, टाइल्स, मॉड्युलर किचन, कर्ज काढून केलेलं सगळं घर, आणि मामांनी त्यातही कोपीच घातली होती. चुलीचे दगड उचलून ठेवलेलेच होते. दाराची मूठ तेवढी मोकळी व्हायची बाकी होती. मी नळ मोठा सोडला.

रविवारपर्यंत तरी बाज खालीवर करावी लागणार होती. सोमवारी सकाळी नवऱ्यानं आणि मी मिळून ती उतरवली. संध्याकाळी तो दुसऱ्या पाळीला गेलेला. मामांना मी आधीच वर पाठवलं होतं, कारण ते खाली असते तर त्यांनी दुसरी बाजू उचलली असती. बाज एकट्यानं उचलता येते, पण आमच्या जिन्याच्या वळणावर ती एकट्यानं वळत नाही. त्यात ती चाकं. पहिल्याच वळणाला ती कठड्यात अशी अडकली की ना पुढे ना मागे. मी तिथेच उभी राहून नवऱ्याला, वेल्डिंगवाल्याला आणि बिल्डरला आळीपाळीनं शिव्या दिल्या.

खालून पावलं वाजली. चेअरमन. खाली काही राहिलंय का ते बघून येत असणार. मी म्हटलं, "नेतेय. ठराव लक्षात आहे माझ्या."

त्यांनी हातातली किल्ली खिशात टाकली, खालची बाजू धरली आणि जरा तिरकी केली. बाज सुटली. पहिल्या मजल्यावर पोचलो तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. त्यांनी आपल्या दारासमोर बाज टेकवली आणि गुडघा दाबत म्हणाले, "तिसऱ्यापर्यंत मला जमणार नाही. रोज तुम्हालाही जमणार नाही." मग कुलूप काढून दार उघडलं. "आत घ्या. हॉलमध्ये भिंतीला उभी राहील. सकाळी इथनं एकच मजला, मी हात लावीन."

मला मदत नको होती, मला भांडण हवं होतं. म्हणून म्हटलं, "हे तुमच्या नियमात बसतं का?"

"माझं घर आहे मॅडम," ते म्हणाले. "माझ्या घरात काय ठेवायचं ते सोसायटी नाही सांगू शकत."

त्यांच्या हॉलमध्ये फार सामान नव्हतं. सोफा, कॅलेंडर, आणि आता आमची चाकाची बाज. मी थँक्यू म्हटलं का नाही ते मला आठवत नाही. बहुतेक नाही म्हटलं.

वर आले तर मामा दाराशीच उभे. "बाज कुटं हाय?"

"चेअरमनांच्या घरात. रोज तिथेच राहणार म्हणे. सकाळी ते खाली आणायला हात लावतील."

मामा आत वळले. मी पीठ मळायला घेतलं. बाहेर दार हललं, पण पिशवी आपटल्याचा आवाज आला नाही. बघितलं तर पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि टॉवेल उलगडलेला. सासूबाईंचा फोटो दोन्ही हातांत धरून ते हॉलच्या भिंतीकडे बघत होते.

"सूनबाई," म्हणाले, "ह्या भितीत खिळा ठोकला तं चाललं का? का त्याला बी मीटिंग लागंल?"

"नाही मामा. घर आपलं आहे."

पिठाचे हात तसेच घेऊन मी हातोडी शोधायला गेले.