दरावरून दुकान ओळखणारे आबा

श्रीरघुनाथाच्या चरणी मस्तक ठेवून, शेजारचे सुभेदार आबा यांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने ही चार अक्षरे लिहितो. आजचा संकल्प मीच सांगितला.

आबा मूळचे कडेगावकडचे. सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. पत्नी पूर्वीच निवर्तली होती. घरचे वाणसामान आणणे हे त्यांचे व्रत होते. तांदळासाठी पाच-पाच दुकाने फिरत, मूठभर नमुना कागदाच्या पुडीत घेत, दोन दाणे दाढेखाली धरत आणि पुडीवर पेन्सिलीने केवळ दर लिहीत. दुकानाचे नाव का नाही, असे विचारले तर म्हणत, “गुर्जी, दर बगितला की दुकान डोळ्यापुढं हुबं ऱ्हातं.”

आळीतले लोक त्यांची परीक्षा घेत. “आबा, बासष्ट?”

“इंद्रायणी. स्टँडाजवळचा शेठ. खडं लय, बोलनं ग्वाड.”

कधी चुकले नाहीत.

मुलगाही सैन्यात. त्याने आसामची मुलगी केली आणि तिला, जोनालीला, साताऱ्यास ठेवून तो सीमेवर गेला. पोर गुणी, परंतु गर्भार असूनही चार घासांत ताटावरून उठे. तिच्या गावी ‘बोरा’ नावाचा चिकट तांदूळ दही-गुळाशी खातात, हे तिने एकदा सहज सांगितले, आणि आबांनी पिशवी उचलली.

मी म्हणालो, “आपला आंबेमोहोर घाला. होईल सवय.”

“आवं गुर्जी, मी तिकडं आसामात नोकरीला हुतो तवा भाकरीबिगर घास उतरत न्हवता. एका म्हातारीनं तांदळाच्या पिठाची भाकरी थापून दिली. वाकडीतिकडी, पन भाकरीच. सवय करून घे म्हनली न्हाई ती.”

सातारा, कराड, विटा, सांगली येथली दुकाने पालथी घालून त्यांनी पुड्या जमवल्या. रोज एक शिजे. जोनाली चाखून म्हणे, “बरा आहे आबा, पण तो नाही.” नवव्या दिवशी मी तेथेच बसलो होतो. तिने घास घेतला आणि पदराने डोळे टिपले. “हाच, आबा.”

आबांनी पुडी उलगडून पाहिली. एकशे ऐंशी. पुडी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

“कुठले दुकान?” मी विचारले.

“सांगतो की,” म्हणाले. मग सुनेकडे वळून हसले, “एवढा म्हाग दर जल्मात लिवला न्हवता, डोकंच गरगरलं बग.”

मला पोहोचवायला दारापर्यंत आले तेव्हा मात्र हळूच म्हणाले, “दर बगूनबी दुकान आटवंना. कुनाला सांगू नगा, गुर्जी.”

दुसऱ्या सकाळी ते एस.टी.ने पुन्हा निघाले. जी दुकाने पायांनी पाहिली होती, तीच पुन्हा पायांनी पाहायला. चैत्राचे ऊन होते. ‘मी येतो’ असे म्हणायला हवे होते. घरी पारायण चालू होते, म्हणून म्हणालो नाही. ईश्वराने ते पारायण मान्य केले असेल, असे मला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी सांजवेळी ते परतले. पिशवी सुनेच्या हाती दिली आणि पायरीवरच बसले. “दोन किलो हाय. बाळ हुस्तवर पुरंल.” त्यानंतर पाचव्या दिवशी झोपेतच गेले.

मुलगा रजा घेऊन आला. दहाव्या दिवशी घाटावर जोनालीने तोच तांदूळ शिजवून आणला. “गुरुजी, चालेल?”

भावकीतले एक गृहस्थ पुटपुटले, “आपला तांदूळ न्हाई व्हय घरात?”

मी म्हणालो, “हा आबांनी स्वतः आणलेला आहे.” मुलगा पिंड वळू लागला, भात बोटांना धरून राहिला, सुटता सुटेना.

घरी आल्यावर जोनालीने तांदळाची पिशवी रिकामी केली, तेव्हा तळाशी एक चिठ्ठी निघाली. पेन्सिलीने दुकानाचे नाव लिहिले होते. त्याखाली: ‘सांगली स्टँडवरून डाव्या हाताला, तिसरं दुकान. सूनबाईला लागंल.’

दर लिहिला नव्हता.

वाचकहो, तुमच्या घरी दूरदेशीहून कोणी नांदायला आले असेल, तर त्याच्या ताटात त्याच्या मुलखाचा घास पडो. तो शोधणारे पाय तुमच्या उंबरठ्याआत सुखरूप परत येवोत, आणि अन्नपूर्णा तुमच्या चुलीपाशी अखंड वसो.