पेंडसेकाकांचं वचन आणि फ्रेंच वाइन

दुबईतला गुरुवार, म्हणजे तेव्हाची वीकेंडची संध्याकाळ. साल २००३ असावं. एका हॉटेलात फ्रेंच वाइनचा कार्यक्रम होता आणि शेजारचे पेंडसेकाका आम्हां नवराबायकोला आग्रहाने घेऊन गेले.

गल्फला निघताना काकांनी आईला वचन दिलं होतं... मांसमच्छी, अंडं कधी शिवणार नाही. वाढदिवसाचा केकसुद्धा ते बाजूला सारत. वाइन मात्र चालायची. "द्राक्षं वेलीलाच लागतात ना? शुद्ध शाकाहारी!"

स्टेजवर द्राक्षमळ्याची मालकीण बोलत होती. पणजोबांनी लावलेल्या वेली, दगडी तळघर, ओकच्या पिंपांत मुरणारी वाइन... मी अगदी रमले होते. मग तिने एक जुना फोटो दाखवला. पिंपांशेजारी बसून बायका चक्क अंडी फोडत होत्या!

आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो ना, तसा रेड वाइनमध्ये अंड्याचा पांढरा भाग घालतात म्हणे. तो गाळ घेऊन तळाशी बसतो, मग वरची नितळ वाइन काढून घेतात. आम्ही आजही असंच करतो, हे तिने अभिमानाने सांगितलं.

मी झटकन शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. काका ग्लास भरून घ्यायला मागे गेले होते, त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

नवरा कुजबुजला, "गप्प बस हं. अंडं राहतं कुठे त्यात शेवटी?" पटत होतं... पण वचन काकांचं. ते मोडलं की नाही हे ठरवणारी मी कोण?

सांगून टाकलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ग्लास तसाच टेबलावर राहिला. परतताना गाडीत मी स्वतःलाच विचारत होते... एका भल्या माणसाचं समाधान मी उगाच हिरावलं का?

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच दारात. "आईला फोन केला. सगळं कबूल केलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, अंड्याचं राहू दे मेल्या... तू दारू पितोस? आधी कळलं असतं तर अंड्याचं वचन कशाला घेत बसले असते!"

त्यानंतर काकांच्या हातात लिंबू सरबत दिसायचं. मला बघितलं की ग्लास लपवत म्हणायचे, "यात काय असतं ते सांगू नकोस गं बाई!"

खरं सांगावं की गप्प बसावं, हे मला आजही चटकन ठरवता येत नाही. पण ऐकून घेऊनही माझ्याशी हसत राहिलेला तो माणूस... त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.